कनेक्शन कुठे अडले, ते आकडा सांगतो

वर्डप्रेस इन्स्टॉल करताना पाच रकाने भरायचे असतात: डेटाबेसचे नाव, युजरनेम, पासवर्ड, होस्ट आणि तक्त्यांच्या नावापुढे लागणारा उपसर्ग. बटण दाबले की पुढचे पान येते, नाहीतर ठळक अक्षरांत एकच ओळ उमटते: ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’. माणमध्ये ही ओळ मी अनेकांच्या स्क्रीनवर पाहिली आहे. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा याच गावाच्या हद्दीत येतो. त्याच्या भोवतीने पीजी, खानावळी आणि क्लासेस उभे राहिले, चाकण-भोसरीच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉपही आहेत. यांतल्या प्रत्येकाला आता वेबसाइट हवी असते. ती करून देणारा बहुधा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला भाचा असतो, नाहीतर वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहणारा एखादा मुलगा. ती ओळ दिसली की तो पासवर्ड बदलतो, मग वर्डप्रेस पुसून पुन्हा टाकतो, मग होस्टिंगवाल्याला दोष देतो, आणि यात रात्र जाते.

या मुलांना डेटाबेस हा विषय शिकवलेला असतो. पुण्याचे आणि डेटाबेसचे नातेही जुने आहे. डेटाबेसवरच पीएच.डी. करून अमेरिकेतून परतलेल्या आनंद देशपांडे यांनी १९९० साली पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली, तेव्हा हिंजवडीत आयटी पार्क नव्हता. पण परीक्षेत नॉर्मलायझेशनवर प्रश्न येतो आणि सर्व्हरने आत का घेतले नाही हे कसे वाचायचे, याचा एकही तास होत नाही. मला ही उणीव मोठी वाटते. कारण ती ठळक ओळ हे दुखणे नव्हेच. तिच्या मागे एक चार अंकी आकडा असतो आणि आपण कुठपर्यंत पोहोचलो, हे त्या आकड्यात नेमके सांगितलेले असते.

मुळात इथे दोन वेगळे प्रोग्राम एकमेकांशी बोलत असतात. पीएचपीत लिहिलेले वर्डप्रेस पान तयार करते. लेख, वापरकर्ते आणि सेटिंग मात्र मायएसक्यूएल नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामच्या ताब्यात, बारा तक्त्यांमध्ये राहतात. मायएसक्यूएल १९९५चे आहे. ते लिहिणाऱ्या मायकेल विडेनियस यांनीच २००९ साली त्याची वेगळी शाखा काढली, ती मारियाडीबी. आज होस्टिंगच्या पॅनेलवर मायएसक्यूएल असे लिहिलेले असले तरी आत पुष्कळदा मारियाडीबीच असते. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ला आली. मराठी विकिपीडियाही त्याच महिन्यात, १ मेला सुरू झाला आणि तोही आज मारियाडीबीवरच चालतो. सांगायचा मुद्दा असा की मराठीत वेबवर जे काही लिहिले गेले, त्यातला मोठा भाग याच जोडणीतून गेलेला आहे.

ही जोडणी एका झटक्यात होत नाही. तिसऱ्या टप्प्यातल्या कंपनीत नवा माणूस कामाला येतो, तेव्हा आधी त्याला इमारत सापडावी लागते, मग गेट उघडे असावे लागते, मग ओळखपत्र पटावे लागते आणि त्यानंतर त्या कार्डाने आपल्या मजल्याचे दार उघडावे लागते. डेटाबेसशीही असेच टप्प्याटप्प्याने होते. होस्टचा पत्ता सापडतो, त्या पत्त्यावरचा पोर्ट उत्तर देतो, युजरनेम-पासवर्ड पटतो, हव्या त्या डेटाबेसवर अधिकार मिळतो, आणि शेवटी दोघे कोणत्या अक्षरसंचात बोलणार हे ठरते. यातला प्रत्येक टप्पा वेगळ्या कारणाने अडतो. वर्डप्रेस मात्र पहिल्या तिन्हींसाठी तीच एक ओळ दाखवते.

म्हणून पहिले काम आकडा पाहण्याचे. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये डीबगची एक ओळ असते. तिथे ‘फॉल्स’च्या जागी ‘ट्रू’ केले की ठळक ओळीच्या वर पीएचपीची सूचना दिसू लागते आणि तिच्या कंसात तो आकडा असतो. काम झाल्यावर ती ओळ पूर्ववत करायची, कारण त्या सूचनेत युजरनेम आणि फाइलींचे मार्ग कोणालाही दिसतात. वर्डप्रेससारखेच काम करणारे ड्रुपल आणि जुमला या बाबतीत अधिक मोकळे आहेत, त्यांच्या इन्स्टॉलेशनच्या पानावर सर्व्हरचे उत्तर सहसा तिथेच छापलेले मिळते.

आता २००२. हा आकडा दिसला तर पासवर्डला हात लावू नये, कारण पासवर्ड विचारण्यापर्यंत गोष्ट गेलेलीच नसते. पीएचपीची एक खोड आहे, वाटेतल्या जवळजवळ सगळ्या अडचणी ती २००२ याच आकड्याखाली घालते. त्यामुळे आकड्यापुढचे शब्द वाचावे लागतात. ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ असेल तर होस्टचे नावच चुकले आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे मशीन सापडले, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. डेटाबेस बंद आहे किंवा दुसऱ्या पोर्टवर बसला आहे. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे वाट पाहून थकलो, कोणी हो म्हणाले नाही की नाही म्हणाले नाही. हे बहुतेक वेळा फायरवॉलचे काम असते. नकार लगेच आला की उशिरा, एवढ्यावरूनही बरेच कळते. आणि ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आले तर पुष्कळ जण वर्डप्रेसच्या फाइली शोधत बसतात, पण इथे हरवलेली फाइल वेगळीच असते.

ती समजायला ‘लोकलहोस्ट’ या शब्दाचे वागणे माहीत हवे. लिनक्सवर होस्टच्या रकान्यात लोकलहोस्ट लिहिले की पीएचपी नेटवर्कने जातच नाही. ती डिस्कवरची सॉकेट नावाची एक खास फाइल शोधते आणि तिच्यातून डेटाबेसशी बोलते. डेटाबेस बंद असेल, किंवा त्याने ती फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली असेल, तर वरचा निरोप येतो. १२७.०.०.१ असे लिहिले तर मात्र तीच पीएचपी नेटवर्कच्या वाटेने, ३३०६ या पोर्टवर जाते. दोन्ही पत्ते त्याच मशीनचे, पण वाटा दोन. त्यामुळे एक चालत नसेल तर दुसरे लिहून पाहणे हा आंधळा प्रयोग नाही. दोन्ही उत्तरे ताडून पाहिली की बिघाड सॉकेटमध्ये आहे की डेटाबेसमध्ये, हे कळते. याच वागण्यातून आणखी एक फसगत होते. ३३०६ आधीच अडलेला असतो म्हणून कोणी डेटाबेस ३३०७वर हलवतो आणि लोकलहोस्टपुढे ३३०७ जोडतो. लिनक्सवर तो पोर्ट मानलाच जात नाही, पीएचपी मुकाट्याने सॉकेटकडे जाते. तिथे १२७.०.०.१ आणि पुढे ३३०७ असेच लिहावे लागते.

नोकरीला लागलेल्या मुलांचा गोंधळ डॉकरमध्ये होतो. डॉकर प्रत्येक प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या बंद डब्यात चालवतो. वर्डप्रेस एका कंटेनरमध्ये आणि डेटाबेस दुसऱ्या कंटेनरमध्ये असेल, तर वर्डप्रेससाठी लोकलहोस्ट म्हणजे त्याचा स्वतःचा कंटेनर. तिथे डेटाबेस नसतोच. होस्टच्या रकान्यात डेटाबेसच्या सर्व्हिसला दिलेले नाव लिहायचे. शिवाय पहिल्यांदा सुरू होताना डेटाबेसचा कंटेनर स्वतःच्या फाइली तयार करण्यात थोडा वेळ घेतो आणि वर्डप्रेस तेवढ्यात दार ठोठावून परत येते. अशा वेळी अर्धा मिनिट थांबून पान पुन्हा उघडले की काम होते.

सर्व्हर जवळ आहे म्हणून वाट सोपी होते, असेही नाही. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग २०१५पासून पुण्यातच आहे. माणच्या खोलीतून तिथला डेटाबेस घेतला तर तो अंतराने शेजारचाच म्हणायचा. पण कोणत्या पत्त्यांवरून आत घ्यायचे, ही यादी भरल्याशिवाय तो कोणालाच घेत नाही. यादी भरली तरी तो साधी जोडणी नाकारतो आणि ३१५९ हा आकडा देतो. त्याचा अर्थ, गुप्त केलेल्या जोडणीनेच या. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये एसएसएल वापरण्याची एक ओळ घातली की हा आकडा जातो. हा नकार आपल्या भल्याचा असतो, तो बंद करायचे बटण शोधण्यापेक्षा ती ओळ लिहावी.

सगळ्यात जास्त दिसणारा आकडा १०४५. तो दिसला की मी आधी चांगली बातमी सांगतो: पत्ता बरोबर, पोर्ट बरोबर, डेटाबेस जिवंत. अडले आहे ते ओळखीवर. या निरोपाचे तीन भाग लक्षपूर्वक वाचावेत. त्यात युजरनेम असते, त्यापुढे ‘अ‍ॅट’ची खूण आणि तुम्ही कुठून आलात तो होस्ट असतो, आणि शेवटी पासवर्ड वापरला की नाही याचे हो किंवा नाही. तिथे ‘नाही’ असेल तर पासवर्ड चुकलेला नसून पोहोचलेलाच नाही. रकाना रिकामा राहिला आहे किंवा वर्डप्रेस भलतीच कॉन्फिग फाइल वाचते आहे. ‘हो’ असेल तर नजर होस्टकडे न्यावी. मायएसक्यूएलमध्ये खाते हे नुसत्या नावाचे नसते, नाव आणि होस्ट या जोडीचे असते. लोकलहोस्टवरून येणाऱ्या ‘दुकान’ला एक पासवर्ड आणि बाहेरून येणाऱ्या ‘दुकान’ला दुसरा, असे चालते. पॅनेलमधून तयार केलेले खाते लोकलहोस्टपुरते असेल आणि वेबसाइट दुसऱ्या मशीनवर असेल, तर पासवर्ड कितीही अचूक असो, दार उघडणार नाही.

स्वस्त होस्टिंगवर याहून साधे कारण निघते. तिथले सीपॅनेल नावाचे पॅनेल तुमच्या डेटाबेसच्या आणि युजरच्या नावापुढे तुमच्या खात्याचे नाव आणि एक अंडरस्कोर आपोआप जोडते. तुम्ही टाइप केलेले असते ‘दुकान’, तयार झालेले असते काहीतरी मोठे. रकान्यात ते पूर्ण नाव लिहायचे. पासवर्डचे घोटाळे तर आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून येतात. दोन फुल्यांमध्ये अडकलेला मजकूर व्हॉट्सअ‍ॅप ठळक करते आणि फुल्या लपवते, दोन अंडरस्कोरमधला तिरका करते. डोळ्यांनी वाचून टाइप केले की ती चिन्हे गळतात. कॉपी केले तर शेवटी एक मोकळी जागा चिकटून येते. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर अंकही देवनागरी पडू शकतात, आणि सर्व्हरसाठी ते वेगळेच अक्षर असते. कॉन्फिग फाइल हाताने लिहिताना पासवर्ड एकेरी अवतरणात ठेवावा. दुहेरीत ठेवला आणि त्यात डॉलरचे चिन्ह असले, तर पीएचपी पुढच्या अक्षरांना चलाचे नाव समजते आणि पासवर्ड अर्धाच उरतो.

उबंटूवर शिकणारी मुले ‘रूट’ हेच युजरनेम देतात आणि १६९८ आकडा मिळवतात. तिथे डेटाबेसच्या रूटला पासवर्डने प्रवेश नसतोच, मशीनवरचा रूट असेल तरच आत घेतात. उपाय एकच, वेबसाइटसाठी वेगळा युजर करायचा आणि त्याला फक्त त्याच डेटाबेसवर अधिकार द्यायचे. रूटलाच पासवर्ड लावून तो कॉन्फिग फाइलमध्ये लिहिणे हा उपाय सगळीकडे सुचवला जातो आणि मला तो अजिबात मान्य नाही. वेबसाइटच्या एका प्लगइनमध्ये भोक पडले, की त्या सर्व्हरवरचा प्रत्येक डेटाबेस जातो. वर्कशॉपच्या साइटशेजारी कोणाच्या तरी क्लासच्या मुलांची नावे आणि फोन नंबरही असतात.

१०४४ आणि १०४९ झटपट आटोपतात. १०४४ म्हणजे ओळख पटली, पण या डेटाबेसवर अधिकार नाही. पॅनेलमध्ये युजर आणि डेटाबेस दोन्ही तयार केले जातात आणि त्यांना एकमेकांशी जोडण्याची तिसरी पायरी राहते. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही. २०५४ आला तर समजावे की पीएचपी जुनी आहे. २०१८च्या मायएसक्यूएल ८ने पासवर्ड तपासण्याची पद्धत बदलली, आणि ती पूर्णपणे समजणारी पीएचपी ७.४ ही २०१९च्या अखेरीस आली. डेटाबेसला जुन्या पद्धतीवर मागे नेण्यापेक्षा पीएचपी पुढे न्यावी, मायएसक्यूएलने ती जुनी पद्धत आता काढूनच टाकली आहे.

आपल्या भागाचे म्हणून एक कारण वेगळे सांगायला हवे, ते विजेचे. पुणे परिसरात गुरुवार हा महावितरणच्या देखभालीचा वार, हे लोकांना पाठ आहे. ऑफिसातल्या किंवा खोलीतल्या संगणकावर झॅम्प, म्हणजे पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारा संच, टाकून साइट बनवणाऱ्याची वीज अचानक गेली, तर डेटाबेसच्या फाइली लिहिता लिहिता अर्धवट राहतात. वीज आल्यावर मायएसक्यूएल सुरूच होत नाही आणि काल चाललेली साइट आज तीच ठळक ओळ दाखवते. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे बॅकअप नावाचे फोल्डर उचलून डेटाच्या फोल्डरवर टाका. ते फोल्डर तुमच्या कामाची प्रत नसते, झॅम्पसोबत आलेला कोरा साचा असतो. तो तसाच वर टाकला तर तक्त्यांची सामाईक फाइल पुसली जाते आणि महिन्याभराचे काम उघडता येत नाही. काहीही करण्याआधी डेटाचे अख्खे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घ्यावे, मग त्याच फोल्डरमधली एररची फाइल उघडून शेवटच्या ओळी वाचाव्यात. न सुरू होण्याचे कारण तिथे बहुधा लिहिलेले असते. कधी ते डिस्क भरल्याचे असते, कधी पोर्ट दुसऱ्याने घेतल्याचे.

जोडणी झाली नाही म्हणून इन्स्टॉलेशन अर्धवट टाकून झोपी जाणे, हे मात्र करू नये. इन्स्टॉलेशनचे पान इंटरनेटवर उघडे राहिले, तर ते पाच रकाने दुसरा कोणीही भरू शकतो. तो स्वतःच्या सर्व्हरवरच्या डेटाबेसचा पत्ता देतो, तुमच्या साइटचा प्रशासक होतो आणि तुमच्या होस्टिंगवर हवा तो कोड चालवतो. अशी उघडी पाने हुडकत फिरणारे हल्ले २०१७ साली मोठ्या प्रमाणावर झाले. जुमलाच्या इन्स्टॉलेशनमध्ये होस्ट म्हणून बाहेरचा पत्ता दिला की एक विचित्र नावाची फाइल पुसून या असे सांगितले जाते, आणि मुलांना तो बिघाड वाटतो. सर्व्हरच्या फाइलींना तुमचा हात पोहोचतो, म्हणजे साइट तुमचीच आहे, याची ती परीक्षा आहे. काम उद्यावर ढकलायचेच असेल, तर फाइली सर्व्हरवरून काढून ठेवाव्यात.

शेवटचा टप्पा मराठी माणसासाठी फार महत्त्वाचा, आणि तो अडला तर सहसा कोणताच आकडा येत नाही. जोडणी होते, साइट उघडते, फक्त मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. ‘माण’ हा शब्द घ्या. म, काना आणि ण अशी तीन चिन्हे, आणि यूटीएफ-८मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण नऊ. जोडणीच्या वेळी एका बाजूने यूटीएफ-८ आणि दुसऱ्या बाजूने लॅटिन-१ धरले, तर ते नऊ बाइट नऊ सुटी अक्षरे आणि चिन्हे म्हणून वाचले जातात. दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ दिसला, तर हेच झाले आहे. मायएसक्यूएलचा मूळ अक्षरसंच ५.७ आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ होता, म्हणून जुन्या सर्व्हरवर हे आजही भेटते. इथे एक फरक ओळखता आला पाहिजे. तिरक्या रेघांची अक्षरे दिसत असतील तर मूळ बाइट सहसा शाबूत असतात, योग्य अक्षरसंच लावून मजकूर परत मिळतो. तक्त्यातच प्रश्नचिन्हे साठली असतील तर मूळ अक्षर गेले, ते परत येत नाही.

मायएसक्यूएलमध्ये नुसता ‘यूटीएफ-८’ निवडणेही पुरत नाही. त्या नावाचा तिथला जुना संच जास्तीत जास्त तीन बाइटचे अक्षर घेतो. देवनागरी त्यात बसते, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते, आणि एखाद्या ग्राहकाने अभिप्रायात हसरा चेहरा टाकला की जुन्या सैल सेटिंगवर त्यापुढचा मजकूर कापला जातो, कडक सेटिंगवर १३६६ येऊन तो साठवलाच जात नाही. हसरा चेहरा चार बाइटचा असतो. २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीचे प्रत्येक अक्षरही चार बाइटचेच आहे. म्हणजे एखाद्या अभ्यासकाला मोडी कागदपत्रांची साइट करायची असेल, तर तीन बाइटच्या संचात तिचे एकही अक्षर मावणार नाही. चार बाइटचा संच ‘यूटीएफ-८ एमबी-४’ या नावाने २०१०पासून उपलब्ध आहे आणि २०१५ साली आलेल्या वर्डप्रेस ४.२पासून तोच वापरला जातो. पण होस्टिंगवर आधीच तयार असलेला जुना डेटाबेस वापरला किंवा दुसरीकडून तक्ते आणून ओतले, तर जुना संच सोबत येतो. इन्स्टॉलेशन पूर्ण होताच एक लेख लिहावा, त्यात ‘माण’ आणि एक हसरा चेहरा टाकावा, तो जतन करून पान पुन्हा उघडावे आणि डेटाबेसच्या पॅनेलमध्ये जाऊन तक्त्यातही तोच मजकूर दिसतो का ते पाहावे. ही तपासणी पहिल्याच तासात करून टाकावी, कारण तेव्हा तक्ते जवळजवळ रिकामे असतात आणि अक्षरसंच बदलताना कोणाचेही एक अक्षर जात नाही.